वाचलेला तास

३ जून
लेकीची नोकरी पक्की. महिनाअखेरीस दुसऱ्या शहरात. तिथे ऑफिसची गाडी चालवावी लागणार, म्हणून म्हणाली, जायच्या आधी बाबा तुम्हीच शिकवा. ‘तुम्हीच’ महत्त्वाचं. गाडी तिच्या आईलाही येते, पण शिकवायला संयम लागतो. उद्यापासून साडेपाचला घरी.

४ जून
घरी आठला. दोष माझा नाही. गोदामाची स्टॉक फाइल आठ फोल्डरांच्या आत. दिवसभर दारं उघडत हिंडतो वॉचमनसारखा. उपाय सापडला: डेस्कटॉपवर शॉर्टकट, खाली स्वतःचा टूलबार. एक क्लिक, फाइल हजर. रोज तास वाचेल. तो लेकीचा.

६ जून
टूलबार तयार. शेजारच्या टायपिस्टबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, पण तुम्ही दोनच प्रोग्रॅम वापरता ना? काही लोकांना दूरदृष्टी नसते. घरी पोचलो तर लेक गाडीची किल्ली घेऊन जिन्यात बसलेली. उद्या नक्की, म्हणालो.

१० जून
चिन्हं वाढली, टूलबारवर मावेनात. म्हणून ‘महत्त्वाचे’ नावाचा दुसरा टूलबार. त्यात ‘अति महत्त्वाचे’. स्टॉक फाइल कशात ठेवली ते आठवेना. शेवटी जुन्या वाटेनेच गेलो. सुरुवातीला असं व्हायचंच.

१३ जून
माउसच वेळखाऊ आहे. आता कीबोर्ड. प्रत्येक प्रोग्रॅमला तीन-तीन बटणं. लक्षात राहावीत म्हणून स्क्रीनच्या कडेला चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यात कोपऱ्यातलं घड्याळ झाकलं गेलं, म्हणून निघायला उशीर. घरी कारण सांगितलं. हिने माझं ताट वाढलं आणि आत गेली. पटलं असावं.

१७ जून
लेक आता गाडीचं विचारत नाही. माझ्या कामाचं मोल तिला कळलेलं दिसतं. मायलेकी रोज संध्याकाळी भाजी आणायला जातात. तासभर लागतो, आणि भाजी येते पाव किलो. यांना वेळेचं नियोजन शिकवलं पाहिजे.

२२ जून
फार थकलो. डोळे मिटले तरी चिन्हं दिसतात. दुपारी उगाचच लेकीच्या आठवणीने गलबलून आलं. अजून घरातच आहे ती.

२७ जून
जमलं! स्टॉक एका क्लिकमध्ये. साडेपाचला घरी. दाराला कुलूप, गाडी जागेवर नाही. जिन्यात बसून राहिलो. अंधार पडायच्या आत गाडी आली. चालवत होती लेक, शेजारी ही, मागे भाजीची पिशवी. दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिने रिव्हर्सने एका दमात लावली. मला तसं अजून जमत नाही.
लेक खाली उतरली. म्हणाली, “बाबा, तुम्हाला वेळ नव्हता म्हणून आईने शिकवलं. रागावलात?”
छे, म्हटलं. मूळ कल्पना माझीच होती.

३० जून
लेकीनेच स्टेशनपर्यंत गाडी चालवली. मी मागे, बॅगांमध्ये. वळणावर क्लचबद्दल एक सूचना तयार ठेवली होती. तिने आधीच क्लच दाबला होता. आगगाडी सुटल्यावर ही रुमाल शोधत होती, मी माझा दिला. मग मला लागला तेव्हा नव्हता.

१ जुलै
ऑफिसात कॉम्प्युटरवाल्याने रात्रीतून अपडेट टाकलेलं. माझे सगळे टूलबार गेले. तो म्हणाला, नव्या व्हर्जनमध्ये ती सोयच नाही. भांडायचं त्राण नव्हतं. आठ फोल्डरांतूनच गेलो. फाइल उघडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. काम पाचला आटोपलं. मला वाटतं, ते नेहमीच पाचला आटोपत असावं.
साडेपाचला घरी. ही म्हणाली, आज इतक्या लवकर? गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली होती. ती घेऊन थोडा वेळ जिन्यात बसलो.