चूक करणाऱ्याचे नाव

प्रिय चिऊ,

शासनाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती डिंकाबद्दल आहे. नोंदणी कार्यालयात तिसऱ्या खिडकीशी डिंकाची बाटली असते. तिचा ब्रश कुणीतरी केव्हाच लांबवलाय. फोटो चिकटवायचा तर बोट बुडवा. तू मला दिलेल्या अधिकारपत्रावर माझा फोटो वाकडा बसला आणि तर्जनी तीन दिवस दिसेल त्याला चिकटतेय. काल चहाच्या कपाला चिकटली. तुझी वहिनी म्हणाली, बरं झालं, निदान कप तरी उचलून ठेवाल.

आता तुझं काम. मुख्य परिचारिकेच्या अर्जाला वय पन्नासच्या आत हवं, मुदत महिनाअखेरची. तू एकोणपन्नासची, पण सरकारदरबारी एक्कावन्न. दवाखान्याच्या जन्मनोंदीत खरं साल सापडलं. मग ही दोन वर्षं शिरली कुठून, हे बघायला मी तुझ्या शाळाप्रवेशाच्या मूळ अर्जाची प्रत मागितली. पंचेचाळीस वर्षं आपण ज्या कारकुनाच्या नावाने बोटं मोडली, त्याचं अक्षर तरी बघावं म्हटलं. तुझ्या दर वाढदिवसाला आत्या म्हणायची, मेल्याचा हात झडो! आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

खिडकीतल्या बाईंनी प्रत पुढे सरकवली. म्हणाल्या, काका, अक्षर किती सुरेख आहे हो, ओळखता का?

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. बाबांना लिहिण्याचा कंटाळा. कागद मी भरायचे, त्यांनी न वाचता सही ठोकायची. ते वर्ष मात्र तुला आठवणार नाही. आई अंथरुणाला खिळलेली, बाबा कामावर. तुला सांभाळायला मी रोज अर्धी शाळा टाकून घरी यायचो. बाहेर पोरांचा खेळ रंगलेला आणि तू माझा सदरा धरून बसलेली. चार वर्षांच्या मुलीला शाळा घेत नव्हती, सहाच्या मुलीला घेत होती. मी बारा वर्षांचा होतो. मी सहा लिहिलं.

विसरलो होतो, असं इथे लिहिणार होतो. नव्हतो विसरलो. तू वर्गात रडायचीस, तेही मला दिसायचं. कारकुनाचा आडोसा आयता मिळाला आणि पुढे तो सोडवेना.

दुरुस्तीच्या निवेदनात ‘चूक करणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. बाई म्हणाल्या, लिपिकाची चूक म्हणून लिहा ना काका, सगळे तेच लिहितात. मी माझं नाव घातलं आणि खाली कारणही खरं ते लिहिलं. बाईंनी वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. दुरुस्त दाखला सोबत आहे, तो अर्जाला जोड. त्यामागे माझ्या निवेदनाची नक्कल आहे. ती कुणी मागणार नाही, ती तुझ्यासाठी.

तुझाच,
दादा