मोकळ्या पाट्याचा आवाज

बाबा, आज मी तुला अरेतुरे करणार आहे. तू होतास तोवर 'अहो बाबा, वाढू का' म्हणत मान खाली घालून उभी राहिले. आता तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, आता कसली भीड? रागावलास तर रागाव. ताट भिरकावायला हात कुठे आहेत तुला!

आज सकाळी काय झालं ते आधी ऐक. आईला वालाचं बिरडं करायचं होतं आणि घरात नारळ नव्हता. मी मोबाईलवर बोट फिरवलं, आणि वाल सोलून व्हायच्या आत दारावरची बेल वाजली. पिशवीत वाटणाचं पाकीट. ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, लसूण, सगळं आयतं वाटून बंद केलेलं. आईने ते उलटंपालटं करून बघितलं, बाहेरूनच हुंगलं आणि कोपरा दातांनी फाडला. दातांनी, कारण तिच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही, चहाचा कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरून पिते. पाकीट कढईत पिळता पिळता म्हणाली, "तवा ह्ये असतं तर भाभीच्या दारी कशाला गेली असती मी?" एवढंच बोलली आणि ढवळायला लागली. मी सुपरवायझरला फोन करून रजा टाकली आणि इथे लिहायला बसले. म्हटलं, आज तुझी खरडपट्टी काढायची.

'सोयीची सवय लागली का मानूस कामातून गेला.' हे तुझं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकवायचास. तू लूमच्या कारखान्यात जॉबर होतास, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणं हे तुझं काम. दिवसभर मशीनच्या पोटात हात घालायचा, मशीनवर विणलेल्या कापडाचा शर्ट घालायचा, आणि घरी येऊन आम्हाला सांगायचं की मशीनच्या कामाला चव नसते! वाटण पाट्यावरचंच पाहिजे. मिरची पाट्यावरची, खोबरं पाट्यावरचं. "मिक्सरचा वाटान म्हंजे पानी. त्याला का चव हाय?" आणि तुझं स्वतःचं काय रे? चाळीत पहिली मोटरसायकल तुझी. पहिला रंगीत टीव्ही तुझा, तोही रिमोटवाला. दोन पावलांवरचं बटण दाबायला उठायचा नाहीस. रिमोट छातीवर ठेवून खाटेवर पडायचास आणि तिथूनच ओरडायचास, "आवाज का बंद झाला गो पाट्याचा?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुझी सोय कुठल्या दुकानातून आणावी लागत नव्हती, ती साडी नेसून पाट्यासमोर बसलेली असायची.

माझ्यासाठी म्हणून तू जन्मात एकच बटणाची वस्तू आणलीस. शाळेत न्यायची कंपास. बटण दाबलं की बाजूने शार्पनर बाहेर यायचं, दुसरं दाबलं की खोडरबराचा खण उघडायचा. चौथीच्या वर्गात तशी कुणाकडेच नव्हती. ती कंपास अजून माझ्या कपाटात आहे. ती का टाकली नाही ते पुढे सांगते.

आपली टेमघरची खोली तुला आठवत असेल, नसेल तर मला रोज आठवते. आपल्या भिंतीला लागून भाभी राहायची. तिचा नवरा तुझ्याच कारखान्यात लूम चालवायचा. मराठी तिला येत नव्हतं आणि आईचं हिंदी म्हणजे आनंदच, पण दोघींचं जमायचं मात्र असं की एकीने पापड भाजला तर अर्धा दुसरीच्या खोलीत जायचा. चाळीत बायका खूप होत्या, पण आईची म्हणावी अशी ती एकटीच. आई घरी बसून कारखान्यातल्या कापडाच्या ठाणांचे सुटे धागे कापायची, दिवसभर कात्री चालवून मनगट सुजायचं, आणि त्याच मनगटाने अकरा वाजता पाट्यावर बसायचं. भाभीने ते मनगट पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, पागल हो क्या? मेरे यहाँ मिक्सर पड़ा है. लाओ इधर, बटन ही तो दबाना है." झालं. तेव्हापासून आई पदराखाली डबा घेऊन जायची, भाभी मिक्सर फिरवून द्यायची.

पण तू एक वाजता जेवायला यायचास ना! गल्लीच्या तोंडाशी तुझ्या गाडीचा आवाज आला की आई पटकन पाट्यावर बसायची. पाणी शिंपडायची, चमचाभर वाटण पाट्यावर फासायची आणि मोकळ्या दगडावर वरवंटा ओढायला लागायची. घर्रर्र, घर्रर्र. कालवण आधीच शिजून झाकलेलं असायचं. लूमच्या खडखडाटाने तुझे कान गेलेले, आम्ही दोनदा हाक मारल्याशिवाय तुला ऐकू यायचं नाही, पण पाट्याचा आवाज तुला उंबऱ्याबाहेर बरोबर लागायचा. चपला काढता काढता म्हणायचास, "चालू दे, चालू दे." आणि जेवताना बोटं चाटून, "याला बोलतात हाताची चव!" आई माझ्याकडे बघायची नाही. बघितलं असतं तर दोघींना हसू फुटलं असतं. वर्षभर तू मिक्सरचं वाटण खाल्लंस, बाबा. वर्षभर! आणि मोठा आलास चवीतला दर्दी.

मग एक दिवस तू अर्धा तास आधी आलास. गाडी कारखान्यातच ठेवून, पायी. आई भाभीच्या दारातून डबा घेऊन बाहेर पडत होती. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू सरळ घरात गेलास, आदल्या रात्रीचं बोंबलाचं कालवण टोपासकट उचललंस आणि भाभीच्या उंबऱ्यावर ओतलंस. "तुमच्या मशीनचं तुमीच खा." सगळी चाळ दारात उभी. भाभीने तोंडावर पदर घेतला आणि खाली बसून फडक्याने पुसायला लागली. तिचं काय चुकलं होतं रे? दुखऱ्या हाताच्या बाईसाठी बटण दाबलं, हे?

आईने त्या दुपारी तुला एकच विचारलं, "कोनी सांगितलं तुमाला?" तू म्हणालास, "मना कान हायेत." पण आईने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. भाभीचा नवरा तुझ्या हाताखाली, म्हणजे भाभी नवऱ्याला बोलली आणि नवरा तुला. संध्याकाळी भाभी दारात आली. "दीदी, ढक्कन रह गया था डब्बे का." आईने कडी काढली नाही. आतूनच म्हणाली, "आपके मरद को बोलके मेरा घर जलाया ना? रखो ढक्कन." भाभीने ढक्कन उंबऱ्यावर ठेवलं आणि ती गेली. एका भिंतीला पाठ लावून दोघी त्यानंतर सहा वर्षं राहिल्या, पण एक शब्द नाही. मग भाभीचं बिऱ्हाड निजामपुऱ्यात गेलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा आई पाट्यावर बसून खरोखरचं वाटत होती, कारण तू खुर्ची टाकून समोर बसला होतास. कालवण ओतलंस त्या दिवसापासून तू रोज समोर बसायचास. तिचं बोट मिटेना तरी बसायचास.

पूर्णा गावच्या गोदामात मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराचा मी मिक्सर आणला. तू रागावला नाहीस. तू हसलास. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलंस आणि कपाटावर ठेवलास. "शोभा हाय, ऱ्हाऊ दे." माझा पहिला पगार तू शोभेला ठेवलास, आणि मी 'बरं बाबा' म्हणाले.

तू गेलास तेव्हा डॉक्टरांनी आईच्या हाताला पट्टी बांधली होती, म्हणून तुझ्या दहाव्याचं बिरडं मी त्या मिक्सरवर केलं. खाडीकाठी पान मांडलं. कावळा शिवेना. तासभर झाला, दीड तास झाला. माझं लग्न लावून देऊ म्हणून सांगून झालं, घर दुरुस्त करू म्हणून सांगून झालं, कावळे झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. मग आत्या म्हणाली, "वाटान मिक्सरचा हाय ना? मंग कसा शिवेल तो!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुझी मेल्यावरही जाईना! आई उठली. रिक्षाने घरी आली, पट्टी सोडली आणि पाट्यावर बसली. मी मागे धावले तर मला हात लावू देईना. डोळ्यांतून पाणी, आणि घर्रर्र, घर्रर्र. निम्मं वाटण झालं असेल, तेवढ्यात चुलत्याचा फोन आला की कावळा शिवला. मिक्सरच्याच बिरड्याला! सगळं पान साफ करून गेला. आई वरवंटा धरून तशीच बसून राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की मला भीती वाटली. त्यानंतर तिची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत की नीट मिटली नाहीत.

मी आता गोदामात परत आलेल्या मालाच्या सेक्शनला असते. लोक मागवतात, दोन दिवस वापरतात आणि परत पाठवतात. परवा एक मिक्सर आला, कारण लिहिलेलं, 'आवाज जास्त येतो.' माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! अगं बाई, आवाज येतो म्हणून परत? माझी आई आवाज यावा म्हणून मोकळ्या दगडावर हात झिजवायची. पण मी तरी कोण मोठी लागून गेले. कोथिंबिरीच्या जुडीसाठी खाली उतरत नाही. सगळं घरपोच लागतं मला. तू असतास तर म्हणाला असतास, गेली कामातून.

गेल्या महिन्यात निजामपुऱ्यात भाभी भेटली. केस पांढरे, पण मला लांबूनच ओळखलं. माझा हात धरला आणि पहिलं काय विचारावं? "तेरी अम्मी अब भी नाराज़ है?" मग म्हणाली, "बेटा, मैंने किसी को नहीं बोला था. मेरे मरद को भी नहीं. उसको बोलना, एक बार फोन करे." चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. मी रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत ती चिठ्ठी मुठीत होती.

कारण मला माहीत होतं, बाबा. भाभीने सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं होतं.

शाळेतून तुम्ही मला गाडीवर घेऊन येत होतात. मी पुढे टाकीवर बसलेली. तुम्ही खुशीत होतात, म्हणालात, "तुझ्या आयशीच्या हाताला चव हाय बघ." मला हसू आलं. तुम्ही विचारलंत, का गो हसलीस? आणि मी सांगून टाकलं. भाभीचा मिक्सर, मोकळा पाटा, सगळं. तुम्ही मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत होतं, आणि तुम्ही एकदा तरी माझं नीट ऐकावं असं मला वाटलं. तुम्ही ऐकलंत. घराकडे वळायच्या ऐवजी गाडी निजामपुऱ्याला नेलीत आणि ती कंपास घेऊन दिलीत. दुसऱ्या दिवशी टोप ओतलात तेव्हा मी दारात उभी राहून बटण दाबत होते. आईने विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. घेतलं असतंत तर दोन थपडा खाऊन मी मोकळी झाले असते आणि भाभी आईची राहिली असती.

एवढ्या शिव्या तुम्हाला दिल्या, त्या खऱ्याच आहेत, एकही मागे घेत नाही. पण तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही वाचणार नाही, उलटून विचारणार नाही. मीही सोयच बघितली, दुसरं काय. जिला सांगायचं ती चार पावलांवर आहे, डाव्या हाताने बिरडं ढवळते आहे. आता हाक मारते आहे, "ये गो, चव बघ." जाते. भाभीच्या नंबरची चिठ्ठी महिनाभर माझ्या पर्समध्ये होती, आणि ती फाटू नये म्हणून आता मी ती कपाटातल्या त्या कंपासमध्ये ठेवली आहे.