शिट्टीतली अर्धी चाल

आगाऊ दादास,

बाबांच्या आजारपणात पाहुण्यासारखा येऊन मलाच शहाणपण शिकवलंस, तेव्हापासूनचा माझा अबोला अजून कायम आहे.

आज माळा आवरताना आपला पाणबुडीचा व्हिडिओ गेम सापडला. कॅसेटवर फुंकर मारून लावली, तर चक्क चालली! पण संगीत अर्ध्यावरच थांबून पुन्हा पहिल्यापासून. बिघडलाय म्हणून मी कितीतरी वेळ खटपट केली. मग आठवलं. पलीकडच्या खोलीत आईबाबांचं भांडण पेटलं, की तू गेमचा आवाज वाढवायचास आणि वर जोरात शिट्टी वाजवायचास. पुढची चाल गेममध्ये कधी नव्हतीच रे, ती तुझी होती. तीच गुणगुणत मी लेकीला निजवलंय.

हे पत्र काही टाकत नाही. फोन करते. उचललास, तर गेममधली अर्धी चाल ऐकवीन. पुढचं तुझं तू बघ.

तूच नाव ठेवलेली,
कटकट