कुणीच न पाहिलेलं दुखणं

४ फेब्रुवारी
परत तेच. तिकीट खिडकीवर बसवत नाही. एका बाजूवर टेकते, मग दुसरीवर. शेजारच्या खिडकीवरची म्हणाली, "मूळव्याध का गं?" हो म्हटलं. मूळव्याध निदान सांगता तरी येते. खालची खाज कुणाला सांगणार?

६ फेब्रुवारी
नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. टेबलापलीकडूनच — "बुरशी आहे. हे मलम लावा." म्हटलं, मागच्या खेपेलाही हेच दिलं होतं, त्याच्या आधीही. "वय झालं की व्हायचंच. स्वच्छता ठेवा."
स्वच्छता! साबणाने घासून घासून सालटं निघाली माझी. इतक्या वर्षांत यांनी एकदाही पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर, पाहतो म्हणाले असते तर मीच पळून आले असते.

११ फेब्रुवारी
रक्त. थोडंसंच. पाळी जाऊन जमाना झाला.
हे बाहेरच्या खोलीत झोपतात. भांडण नाही काही. एकदा मी कळवळले, तेव्हापासून. काय होतंय, ते मात्र कधी विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी
लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." जावयांना काय सांगणार, कोण जाणे.

१९ फेब्रुवारी
त्वचेची डॉक्टर. लेकीच्याच वयाची. मला झोपवलं, दिवा ओढला आणि पाहिलं. केवढा वेळ पाहत होती. लाज वाटेल असं वाटलं होतं, रडूच आलं.
"काकू, ही बुरशी नाही. कातडी पांढरी पडलीय, कागदासारखी पातळ झालीय. आतल्या पाकळ्या चिकटून नाहीशा झाल्यात. हे नुसतं बघून ओळखता येतं. अस्वच्छतेने होत नाही, कुणाला याची लागणही होत नाही. वेळेवर योग्य मलम सुरू झालं तर आटोक्यात राहतं, नाही तर पुढे बिघडू शकतं."
"आणि आता?"
"ही डावीकडची गाठ मला ठीक वाटत नाही. ती बघून नाही सांगता येणार. तुकडा काढून तपासू."
नुसतं बघून. घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात.

२७ फेब्रुवारी
कॅन्सर आहे.

२८ फेब्रुवारी
यांना सांगितलं. यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, "मला नाही ना होणार काही?" नाही म्हटलं. मग आवाज परत वाढवला.

५ मार्च
ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, बरंच काढावं लागेल. जांघेतही पसरलाय. "करून बघू." म्हणजे त्यांनाही भरवसा नाही. लेक बाहेर नळाशी तोंड धूत राहिली, पाणी नुसतं वाहत होतं.
राग यायला हवा, नाही का? येत नाही. दमलेय फक्त.

९ मार्च
उद्या भरती व्हायचं. पिशवी भरली. कामावर कुणाला सांगितलं नाही, मूळव्याधीचंच ऑपरेशन म्हटलं.

९ मार्च, संध्याकाळी
लेक आली. खोलीचं दार लोटलं, कडी घातली. मग म्हणाली, "आई, माझं जरा बघतेस?"
पाहिलं. पांढरं पडायला लागलंय.
हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, मी परवा येते. उद्या हिला त्या त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचंय.