मातीचा श्वास आणि ट्रॅक्टरवाले काका

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून पत्रातूनच घालतो). गुडघे काय म्हणतात? मामींनाही नमस्कार.

माती तपासण्याच्या केंद्रात मी नेमकं काय करतो हे तुम्ही दर वेळी विचारता आणि उत्तराच्या मध्येच डुलकी घेता, म्हणून लेखी कळवतो. आम्ही जमिनीवर पत्र्याचा डबा पालथा घालतो आणि आत साठलेली हवा सुईने ओढून घेतो (इंजेक्शन पाहून आईने शेजारीपाजारी मला डॉक्टर करून टाकलं आहे). मूठभर मातीत अगणित जिवाणू राहतात, आणि मामा, ही मंडळी सतत खातात आणि श्वास सोडतात! खत जास्त पडलं, वर पाणी साचलं, की भलताच वायू सोडतात. तो वर जाऊन हवा तापवतो. नांगर फिरवला की त्यांना कोठाराचं दारच उघडून दिल्यासारखं होतं. हे कितपत खरं ते पाहायला आमच्याकडे दोन तुकडे होते: एक दरवर्षी नांगरायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

होते म्हणालो. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून केंद्राच्या ट्रॅक्टरवाल्या काकांना त्या तणकट तुकड्याची लाज वाटली. सुट्टीच्या दिवशी, कोणी न सांगता, त्यांनी तो नांगरून लोण्यासारखा मऊ करून ठेवला. आमच्या बाई (प्रयोग त्यांचा) बांधावर मटकन बसल्या. काका शाबासकीची वाट पाहत उभे. साहेबांनी विचारलं, "यातला न नांगरलेला कुठला?" मला रडू येत होतं, खरंच. पण उलथलेल्या मातीत आता काय चाललं असेल, ते बघितल्याशिवाय राहवेना. डबा पालथा घातला. वायूचा आकडा असा चढला, की बाईसुद्धा डोळे पुसत बघायला आल्या. खाली मेजवानी चालू होती! मग आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच उकिडवे (कंबर तेव्हाच गेली).

पण तुलनेला न नांगरलेली जमीन हवीच. या हंगामात मिळाली नाही तर प्रयोग बंद, आणि बाईंची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. त्यांचा चेहरा बघवत नाही.

आपला,
भाचा

ता. क. तुमच्या विहिरीमागच्या तुकड्याला वर्षानुवर्षं नांगर लागलेला नाही. लोक त्याला आळस म्हणतात. बाई त्याला दुर्मीळ म्हणाल्या. मामींनी महिनाअखेरीला ट्रॅक्टर बोलावलाय असं आईकडून कळलं. तो थांबवा.

आणखी ता. क. मामी, पाकीट तुम्हीच फोडणार हे मला ठाऊक आहे, आणि घरात कोणाचं चालतं हेही. मुळात पत्र तुम्हालाच आहे. ट्रॅक्टरवाल्याला तेवढं नको म्हणून कळवा. मामांना मात्र यातलं काही सांगू नका. आपण इतकी वर्षं संशोधनच करत होतो हे कळलं, तर ते अंथरूणसुद्धा उचलणार नाहीत.