कार्डाचा कोपरा

रहिमतपूर, ७ जानेवारी १९७४

ति. बाबांस, उमाचा सा. न. वि. वि.

पोचलो! दोन लेडीज सायकली, चारुशीला आणि मी, सगळं सुखरूप. साताऱ्यात पोलीसमामांनी अडवून विचारलं, की मुलींनो, सर्कस कुठं उतरली आहे? माझ्या या मैत्रिणीने ऐटीत सांगितलं, की सांगलीला, हिच्या आत्याच्या घरी!

तुमची अट पाठ आहे. रोज एक कार्ड, आणि एक जरी चुकलं तर मे महिन्यातली कॉलेजच्या मुलींची कन्याकुमारीची सायकल सफर मला बंद. बाबा, चुकणार नाही. मला जायचंच आहे. आईला सांगा, दशम्या अजून उरल्या आहेत.

माझ्यावर लोभ असावा, सायकलीवर राग नसावा.

आपली,
उमा

विटा, ८ जानेवारी १९७४

ति. बाबांस, सा. न. वि. वि.

ऊस खाऊन जीभ सोलली! पुसेसावळीच्या पुढे राहीबाई नावाच्या बाईंनी बांधावरून हाक मारून थांबवलं. आम्हाला बोचकी बांधून निघालेलं पाहून त्यांना वाटलं, आम्ही सासरहून पळालो. म्हणाल्या, की नांदायचं न्हाई तर नगा नांदू, पर उपाशी जाऊ नगा. लग्नच झालेलं नाही म्हटल्यावर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की आणखी दोन कांडी मिळाली. दोन्ही बाजूंना शाळू डोक्याएवढा उभा आणि मधून आमचा रस्ता. असं वाटतं, पायडल मारतच राहावं.

ता. क. वाटेतच कार्ड लिहून ठेवलं आणि विट्याच्या अलीकडे माझं मागचं टायर चिरलं. ट्यूबला ठिगळ लावलं, पण चिरेतून ती फुग्यासारखी बाहेर येऊ लागली. मग कार्डाचा कोपरा फाडला, घड्या घालून आतून लावला. पठ्ठ्याने विट्यापर्यंत आणलं! हात काळेकुट्ट आहेत, म्हणून हा ता. क. आणि पत्ता चारुशीलाच्या हातचा.

लोभही या कोपऱ्यासारखा टिकावा.

उमा

वाई, ११ जानेवारी १९७४

चि. उमास अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, कोपरा फाडलेलं कार्ड कसल्या बातमीचं असतं, हे वाईत जन्मून विसरलीस? कोणी गेल्याशिवाय कोणी कोपरा फाडतं का?

काल टपालवाल्या तात्यांनी नेहमीसारखी हाक दिली नाही. पायरीशीच थांबले आणि मान खाली घालून कार्ड पुढे केलं. शिक्का विट्याचा. विट्यात आपलं कोण? तूच. आणि पत्ता चारुशीलाच्या अक्षरात. तुझी आई दारातच रडू लागली. असलं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून मी अंगणातच उभा होतो. पण उमा, मला ते उलटवेना. तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवणारा मास्तर मी, चार ओळी वाचायला घाबरलो. शेवटी तात्यांनीच उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, की ऊस खाऊन जीभ सोलली! आई रडता रडता म्हणाली, की कार्टीची सोललीच पाहिजे. मग तात्यांच्या हातावर गूळ ठेवला.

आधी रागाच्या भरात ठरवलं, की कन्याकुमारी बंद. मग संध्याकाळपर्यंत तेच कार्ड सहा वेळा वाचलं. अट मी घातली होती आणि तू ती पाळलीस. टायर फाटलं तरी कार्ड चुकलं नाही. आज सांगलीचंही आलं, चारी कोपऱ्यांसकट. तेव्हा मे महिन्यात खुशाल जा. बरोबर जुन्या टायरचे तुकडे देईन, पुन्हा कार्डाला हात लावायचा नाही.

असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचं असतं, असं आई दोनदा म्हणाली. मी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आहे. आत्याकडे संक्रांत करून परत येशील, तेव्हा टायरमधला तो कोपरा काढून घेऊन ये. मी डिंक आणून ठेवला आहे.

आत्याला नमस्कार. तुझ्या वाटेकडे डोळे आहेतच.

तुझे,
बाबा