दुसऱ्या बर्थचा बंदोबस्त

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळच्या गाडीने मनमाडहून निघालो. नाशिकरोडला उतरलो. रिक्षाने द्वारका. लॉजवर खोली घेतली. दुपारी एजंटकडे जाऊन आलो. जेवण बरं होतं.

मुंबईला क्रूझच्या बोटीपर्यंत नेणारी बस शनिवारी पहाटे द्वारकेवरूनच सुटणार आहे. पाच दिवस आधी यायची काय गरज, असं चैताली पुण्याहून फोनवर म्हणाली. मुलीला काय कळणार. मी बत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात काढली आहेत. ऐनवेळी पोचणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

रिक्षावाल्याने पुलाखालून दोनदा वळवलं. मी विचारलं तर म्हणाला, काका, द्वारका आहे ही, इथे सरळ कोणीच जात नाही. उत्तर तयार होतं. म्हणजे रोज देत असणार.

तिकिटं दोन आहेत. विमलने गेल्या वर्षी स्वतः काढली होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की तीन दिवस पाण्यावर राहायचं, बसल्या जागी जेवायचं आणि भांडी दुसऱ्याने घासायची. ऑगस्टमध्ये ती गेली. पैसे परत मिळत नाहीत म्हणून मी जातो आहे. दुसरं कारण नाही. मी आता पूर्ण सावरलो आहे.

मुख्य धोका दुसऱ्या बर्थचा. नातेवाइकांचा डोळा त्यावर असणार, हे सांगायला नको. म्हणून निश्चय:
एक, कोणाच्याही घरी उतरायचं नाही आणि जेवायला जायचं नाही. घरी जेवलं की माणूस मिंधा होतो.
दोन, बर्थचा विषय निघाला की हवापाण्यावर बोलायचं.

एजंटने पहिलाच प्रश्न विचारला, काका, दुसऱ्या पॅसेंजरचं नाव कोणाचं टाकायचं? मी म्हटलं, तुम्हाला काय घाई? तो म्हणाला, घाई मला नाही, कंपनीला आहे, उद्या मुंबईहून मॅडमचा फोन येईल, त्यांना सांगा. मी बघू म्हटलं. याला कोणीतरी आधीच गाठलेलं दिसतं.

खाली हॉटेलात चहा सांगितला. वेटरने दोन कप आणून ठेवले. म्हणे, तुम्हीच दोन म्हणालात. बिल वाढवायची जुनी युक्ती आहे ही. वाद नको म्हणून दोन्ही प्यायलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

साडेसातला किशोर लॉजवर हजर. किशोर म्हणजे विमलचा धाकटा भाऊ, सिडकोत राहतो. पत्ता चैतालीने दिला. दारातूनच ओरडला, दाजी, लॉजवर उतरता? आम्ही काय मेलो का? मॅनेजर बघत होता. मी घरी येणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, बरं, घरी नका येऊ, हॉटेलात तर याल?

कॉलेज रोडला नेलं. शेवभाजी, भाकरी, नंतर त्याने गोड काय आहे विचारलं. सगळा वेळ त्याच्या मांडीवर एक निळी बॅग होती. बॅगवाला माणूस जेवताना बॅग खाली ठेवतो. याने ठेवली नाही. मधेच चेन उघडायला गेला, आणि म्हणाला, दाजी, एक विचारायचं होतं.

मी म्हटलं, यंदा थंडी लवकर गेली.

मग पोटात कळ आली असं सांगून उठलो. गुलाबजाम यायच्या आत रिक्षात होतो. त्याने सामानसुद्धा भरून ठेवलं आहे! माणसाला काही लाज असते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी सिटी बसने शालिमारला गेलो. कंडक्टरने सुट्टे द्या म्हटलं, मी दिले, तरी तो माझ्याकडे एकदा पाहून गेला. पावती जपून ठेवली आहे.

अकरा वाजता अनोळखी नंबर. बाई, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. सर, सेकंड पॅसेंजर का नाम और आधार नंबर. आधार म्हटल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. फोन बंद. पुन्हा आला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा आला तेव्हा सरळ ब्लॉक केलं. रिटायर माणसांना कसं लुबाडतात ते पेपरात रोज येतं. कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांना सावध करणारा मेसेज टाकला. बऱ्याच जणांचे अंगठे आले. देवराम मास्तरांनी तर लिहिलं, पगारे साहेब, तुमच्यासारखी जागरूकता हवी.

समाधान वाटलं. विमल असती तर म्हणाली असती, दूधवाल्यावरसुद्धा संशय घेणारा माणूस. पण ती नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

दुपारी ललिताचा फोन. ललिता म्हणजे विमलची धाकटी बहीण. नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती, आता रिटायर. एकटीच असते. दाजी, उद्या पौर्णिमा आहे, लेणीवर जायचं का? परतताना मिसळ खाऊ. नाही म्हणू नका, मी काही खात नाही तुम्हाला.

पौर्णिमेला नाही म्हणता येत नाही. या भावंडांना हे माहीत आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

रिक्षावाल्याला त्रिरश्मी लेणी म्हटलं. तो म्हणाला, पांडवलेणीच ना? ललिता म्हणाली, त्रिरश्मी म्हण, बाबा, सवय होईल. तो हसला. मी मात्र जागेवर पोचेपर्यंत रस्ता बघत होतो.

पायथ्याशी ललिता उतरली आणि तिच्या हातात तीच निळी बॅग!

सोमवारी किशोरकडे, आज हिच्याकडे. म्हणजे बोटीवर कोणी जायचं यावर दोघांचं एकमत होत नसावं. बॅग आळीपाळीने फिरते आहे. पायऱ्या चढताना मी धरू का म्हटलं, तर म्हणाली, नको, तुमचीच आहे, पण आत्ता नको. असं कोड्यात बोलणं तिला शोभत नाही.

वर वंदना घेतली. नंतर आम्ही लेणीच्या ओट्यावर बसलो. खाली सगळं नाशिक दिसतं. ललिताने एकदम विचारलं, दाजी, बोटीवर खोलीला खिडकी असते का हो? असते म्हटलं. पाण्याकडची? म्हटलं, बोटीला सगळीकडे पाणीच असतं. ती म्हणाली, हो, तेही खरंच. आणि हसली.

खिडकीची चौकशी! यापेक्षा मोठा पुरावा नको.

मिसळ उत्तम होती. रस्सा मागाल तेवढा देत होते. फुकट का देतात याचा अंदाज येईना, म्हणून दुसऱ्यांदा घेतला नाही. मग ललिताने जिलबी मागवली, एक तुकडा मोडला, आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडाशी धरला. म्हणाली, दाजी, एवढा घ्या. दुसरा हात बॅगेच्या चेनवर.

मी हात धुऊन येतो म्हटलं. तिथून मागच्या दाराने शेअर रिक्षा पकडली. मागे तीन आणि ड्रायव्हरच्या बाजूला मी. अर्धा बाहेर. पण बर्थ वाचला.

रात्री चैतालीचा फोन. पप्पा, मावशी रडत होती. मी म्हटलं, हा दबावाचाच प्रकार आहे. तिने फोन ठेवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आता बचाव पुरे. आज मीच दोघांना जेवायला बोलावलं. शालिमारजवळचं हॉटेल निवडलं, त्याला दारं दोन आहेत. बेत असा: सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावायची, आतले कपडे टेबलावर काढायचे, आणि शांतपणे विचारायचं की हे काय आहे. आवाज चढवायचा नाही.

झालं ते असं.

दोघं आले. बॅग किशोरकडे. ऑर्डर द्यायच्या आत मी म्हटलं, किशोर, ती बॅग उघड. तो आधी ललिताकडे बघत राहिला. मग म्हणाला, दाजी, आम्ही तर सोमवारपासून उघडायलाच बघतोय! तुम्ही थांबाल तर ना!

आत एक टॉवेल होता. एक पांढरी टोपी. शर्टपीस.

दुखवटा होता तो.

आमच्यात बायको गेली की सासरची माणसं येतात, कपडे देतात, गोड घास भरवतात. मग तो माणूस पुन्हा लोकांत बसायला-उठायला मोकळा. ऑगस्टमध्ये ते मनमाडला आले होते तेव्हा मी नको म्हटलं होतं. मला गरज नाही असं सांगितलं होतं. तेव्हापासून तो माझ्यावर बाकीच होता, असं किशोर म्हणाला. घरी तुम्ही येत नाही, मग हॉटेलात तर हॉटेलात, असं दोघांनी ठरवलं. चैतालीचंही तेच म्हणणं, पप्पा बोटीवर जाताना दुखवटा उतरवून जाऊ दे.

मी विचारलं, आणि बोट? किशोर म्हणाला, कोण, मी? दाजी, मी गोदावरीच्या पुलावरून जाताना डोळे मिटतो, बायकोला विचारा.

त्याने उभं राहून मला टोपी घातली. टॉवेल खांद्यावर दिला. ललिताने गुलाबजामचा तुकडा भरवला. वेटरला वाटलं वाढदिवस आहे. त्याने वाढदिवसाचं गाणं लावलं आणि पलीकडच्या टेबलावरची मंडळी टाळ्या वाजवू लागली. किशोर म्हणाला, बसा, आता केकही आणतील. ललिता हसता हसता रडायला लागली. मी घास खाल्ला. गोड अंमळ जास्त होतं, त्यामुळे डोळ्यात पाणी आलं.

मग ललिता म्हणाली, ताई रोज फोन करायची हो. खिडकीतून पाणी बघत झोपायचं म्हणायची. एवढं एकच ऐकवायची. मला ती खिडकी पाठ झालीय.

मी सहज म्हणालो, तू चल.

ती म्हणाली, मी? मी म्हटलं, बर्थ रिकामाच आहे. किशोर म्हणाला, अगं ऊठ, दोन साड्या भर, विचार काय करतेस! ती म्हणाली, ताईच्या जागी? आणि थोड्या वेळाने म्हणाली, येते.

घरी जाताना तिने चप्पल घेतली, बोटीवर घसरू नये म्हणून. दुकानदाराला दोनदा विचारलं, ओल्या फरशीवर चालेल ना?

मीच हा मार्ग काढला, हे इथे नमूद करतो. पहिल्यापासून माझ्या मनात तेच असावं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दहा वाजता ललिताला घेऊन एजंटकडे गेलो. ती आधार कार्ड, फोटो, सगळं घेऊन आलेली. नवी चप्पल पायात. सवय व्हावी म्हणे.

एजंट म्हणाला, काका, आता? नाव बदलायची मुदत मंगळवारी संपली. मॅडमनी तीनदा फोन केला तुम्हाला. शेवटी त्यांचा मला फोन, की तुमचे कस्टमर ब्लॉक करतात.

मी म्हटलं, ती बाई आधार मागत होती. तो म्हणाला, मग काय मागेल? बोटीवर पासपोर्ट नाही तर आधार लागतंच की.

मी पुष्कळ बोललो. मुंबईला फोन लावायला लावला. ती मॅडम म्हणाली, सॉरी सर, यादी बंदराला गेली. आवाज तोच होता. मी म्हटलं, निदान एवढं तरी करा. ती म्हणाली, सर, मंगळवारी संध्याकाळपर्यंत मी थांबले होते.

ललिता भिंतीवरचं बोटीचं चित्र बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, जाऊ द्या दाजी. मला तसं पाण्याचं भयच आहे. चक्कर येते.

काल आली नव्हती. पण मी तसं म्हणालो नाही.

तिला रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याने सांगितलं तेवढ्याला मी हो म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही जा हं नक्की, रद्द करू नका, ताईने काढलंय.

दुपारभर विचार केला. मोबाईलवाल्यांनी ब्लॉकचं बटण इतकं सोपं ठेवायला नको होतं, ही गोष्ट आहेच. कंपनीनेही मराठीत बोलायला हवं होतं. शिवाय एजंटने सोमवारी अंतिम तारीख ठासून सांगितली असती तर

हे वाक्य पुरं होत नाही. सोडून दिलं.

कॉलनीच्या ग्रुपवरचा मेसेज काढून टाकायला गेलो. आता निघत नाही. देवराम मास्तरांनी तो पुढे तीन ग्रुपवर पाठवला आहे.

जेवलो नाही. भूक नव्हती. लॉजचं अन्न असंही तेलकट.

शनिवार, १५ फेब्रुवारी, पहाट

पावणेपाचला द्वारका. कोणी येऊ नका असं सगळ्यांना सांगितलं होतं. कोणी आलं नाही. माझं ऐकतात, हे बरं आहे.

बस वेळेवर. बहुतेक जोडपी. यादीवाल्याने माझं नाव वाचलं, मग विमलचं वाचलं. विमलाबाई पगारे? दोनदा वाचलं. मी म्हटलं, त्या नाहीत. तो म्हणाला, मागून येतायत का? नाही म्हटलं. त्याने रेघ मारली.

बाजूची सीट तिचीच. मी खिडकीला बसलो नाही.

घोटीच्या आसपास पलीकडच्या बाई उठून आल्या. म्हणाल्या, भाऊ, इथे कोणी आहे का? आमचे मिस्टर असे घोरतात की विचारू नका, इथे बसले तर चालेल का? पाहिलं, मिस्टर खरोखरच घोरत होते.

बसा म्हटलं. उठून वाट दिली.

पाच मिनिटांत त्याही घोरू लागल्या.

घाटाच्या अलीकडे गाडी थांबली. सगळे चहाला उतरले. बाईंना मिस्टरांनी हाक मारून नेलं. उजेड व्हायला लागला होता. मी उतरलो नाही. बुटाची नाडी सुटली होती, ती वाकून बांधली. गाठ नीट दिसत नव्हती, उजेड अजून कमी असावा.